समुद्रापलीकडे चालू राहणारे डोंगर: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात उभं राहून चारी दिशांना पाहिलं तरी नजरेत भरावा असा डोंगर दिसत नाही. तरीही पर्वतांबद्दलचे प्रश्न इथून सतत येतात. एमपीएससीच्या अभ्यासिकांत बसणारी मुलं विचारतात, शाळेत भूगोल शिकवणारे शिक्षक विचारतात, तुळजापूरचा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेला काळा कडा पाहून थांबणारे लोक विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच पर्वतरांग आहे, म्हणजे नेमकं काय?

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाशियन नावाची रांग आहे. अलाबामा-जॉर्जियापासून ती ईशान्येकडे जाते आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर अटलांटिक महासागरापाशी संपते. संपते ती हळूहळू विरत जाऊन नाही. खडकांच्या घड्या, भ्रंश, रूपांतरित खडकांचे पट्टे असं सगळं किनाऱ्यापर्यंत ठळकपणे येतं आणि पाण्याशी एकदम तुटतं. महासागर ओलांडला की आयर्लंड, स्कॉटलंड, पुढे नॉर्वे-स्वीडन आणि पूर्व ग्रीनलंड इथे त्याच घराण्यातले पट्टे पुन्हा सुरू होतात. त्यांची वयं जुळतात, घड्यांची दिशा जुळते, खडक किती दाब आणि किती उष्णता सोसून आला तेही जुळतं. या रांगा घडल्या तेव्हा मध्ये आजचा अटलांटिक नव्हताच. तो सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीपासून टप्प्याटप्प्याने उघडत गेला आणि एका रांगेचे तुकडे वेगवेगळ्या खंडांच्या वाट्याला आले.

इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवावी, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत. पर्वत म्हटलं की आपण उंची पाहतो, आणि उंची ही पर्वताची सगळ्यात अल्पायुषी गोष्ट असते. स्कॉटलंडमधलं सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचं, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणं. अ‍ॅपलाशियनमधलं सर्वोच्च माउंट मिचेल २०३७ मीटर. पाऊस, नद्या आणि बर्फ यांनी कोट्यवधी वर्षांत या रांगांची उंची नेली. मागे राहिली ती मुळं, म्हणजे दोन भूखंड आदळताना जमिनीखाली कितीतरी किलोमीटरवर दबलेले, भाजलेले, वाकलेले खडक. खंडाखंडांतली नाती या मुळांवरून जुळवतात.

किनाऱ्यांचे आकार जुळतात म्हणून डोंगरही ओढूनताणून जुळवले, असं तर नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं कौतुक वाटतं, कारण शंभर वर्षांपूर्वी भूशास्त्रज्ञांचीही हीच शंका होती.

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. त्याने १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नुसत्या आकारावर त्याने भिस्त ठेवली नव्हती. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कडा लावून जोडायचे आणि मग छापलेल्या ओळी या तुकड्यातून त्या तुकड्यात सलग जातात का ते पाहायचं, असा त्याचा दाखला होता. पर्वतरांगा म्हणजे त्या ओळी. एखादी ओळ योगायोगाने जुळेल. दहा ओळी जुळल्या तर तुकडे एकाच कागदाचे आहेत हे मानावं लागतं. तरी त्याच्या हयातीत बहुतेकांनी ते मानलं नाही, कारण खंड हलवणारी शक्ती कोणती हे त्याला नीट सांगता आलं नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेचा अलेक्झांडर ड्यू टॉइट हा मात्र आपला देश पायाखाली घालणारा भूशास्त्रज्ञ होता. केप प्रांतातल्या घडीच्या पर्वतांचा खडक अन् खडक त्याच्या ओळखीचा. १९२३ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत गेला. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या नैऋत्येला सिएरा दे ला व्हेंताना नावाची छोटी रांग आहे. तिथे त्याला आपल्या घरच्याच खडकांचा क्रम सापडला: तसाच वालुकाश्म, त्यावर प्राचीन हिमनद्यांनी आणून टाकलेला तसाच दगडगोट्यांचा थर, तशाच घड्या. हीच साखळी पुढे अंटार्क्टिकातल्या एल्सवर्थ पर्वतांपर्यंत जाते. फॉकलंड बेटांवरचे खडकही पूर्व केपशी जुळतात, फक्त ते जवळजवळ उलटे फिरलेले दिसतात. बेटांचा तो तुकडा तुटल्यावर गरकन वळला असावा, असं रे एडी यांनी १९५२ मध्ये सुचवलं.

आणि ज्या पुराव्यात ओढाताणीला जागाच नाही, तो १९६७ चा. पश्चिम आफ्रिकेत घानातल्या अक्राजवळ खडकांच्या दोन प्रांतांमध्ये स्पष्ट सीमा आहे. एका बाजूला सुमारे २०० कोटी वर्षांचे खडक, दुसऱ्या बाजूला सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी रूपांतरित झालेले. ही सीमा समुद्रात शिरते. एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये खंडांच्या कडा पाण्याखालच्या उतारावर धरून संगणकाने जुळवल्या होत्या. त्या नकाशाप्रमाणे अक्राची सीमा ब्राझीलमध्ये साओ लुईस शहराजवळ वर यायला हवी होती. पॅट्रिक हर्ली आणि ब्राझीलमधले त्यांचे सहकारी यांनी तिथल्या खडकांची वयं काढली. सीमा तिथेच निघाली, दोन्ही बाजूंची वयंही तीच निघाली. खंडवहनाच्या सगळ्या पुराव्यांत मला हा सर्वांत देखणा वाटतो, कारण इथे उत्तर आधी सांगितलं गेलं आणि खडक नंतर तपासले गेले.

अटलांटिक महासागर एकदा बंद होऊन पुन्हा उघडला, हे खरं का?

त्याच जागी हुबेहूब नाही, पण हो. कॅनडाचे जे. टुझो विल्सन यांनी १९६६ मध्ये नेमका हाच प्रश्न शीर्षकात घेऊन शोधनिबंध लिहिला. त्यांचं लक्ष ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांकडे होतं. पूर्व न्यूफाउंडलंडमधले ट्रायलोबाइट युरोपातल्यांसारखे, तर त्याच बेटाच्या पश्चिमेचे उत्तर अमेरिकेतल्यांसारखे. उलट स्कॉटलंडच्या वायव्य भागातले जीव अमेरिकी घराण्यातले. एकाच बेटावर दोन वेगळे जीवसमूह राहतात, म्हणजे एके काळी त्यांच्यामध्ये ओलांडता न येणारा समुद्र असणार. त्या जुन्या महासागराला आज आयापेटस म्हणतात.

तो महासागर सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत मिटत आला आणि त्या टकरीतून स्कॉटलंड-नॉर्वे-ग्रीनलंडची कॅलेडोनियन रांग उभी राहिली. नंतर, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, दक्षिणेकडून आफ्रिका येऊन धडकली आणि दक्षिण अ‍ॅपलाशियनची मोठी उभारणी झाली. त्यातून पॅन्जिया हा महाखंड पूर्ण झाला.

पुढे पॅन्जिया फुटला तो जुन्या सांध्यावर, म्हणजे महासागर मिटून भूखंड जुळले त्या रेषेवर, तंतोतंत फुटला नाही, आणि याचे परिणाम फार सुंदर आहेत. स्कॉटलंड मुळात उत्तर अमेरिकेच्या बाजूचा, तो युरोपकडे राहून गेला. आयापेटसचा सांधा साधारण आजच्या स्कॉटलंड-इंग्लंड सीमेच्या आसपासून जातो, म्हणजे हे दोन शेजारी एके काळी महासागराच्या दोन काठांवर होते. फ्लोरिडाच्या खोल पायातले खडक आफ्रिकेचे, ते अमेरिकेला चिकटून राहिले.

मोरोक्कोतला अ‍ॅटलास पर्वतही अ‍ॅपलाशियनचाच भाग ना?

अर्धं बरोबर. दक्षिणेकडची अँटी-अ‍ॅटलास ही जुनी, ठेंगणी रांग त्या नात्यातली आहे. उंच अ‍ॅटलास, ज्यात ४१६७ मीटरचं तुबकाल शिखर आहे, त्याची आजची उंची बरीच नवी, आफ्रिका आणि युरोप एकमेकांकडे सरकू लागल्यानंतरची. इंटरनेटवरच्या बऱ्याच नकाशांत दोन्ही एकाच रंगात रंगवलेले असतात.

आपल्या सह्याद्रीचा तुटलेला भाग कुठे आहे?

हा सोलापुरातला सर्वांत आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर थोडं तपशिलात द्यावं लागतं. सह्याद्री हा घडीचा पर्वत नाही. दोन भूखंड आदळून तो उभा राहिलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोट आले, थरावर थर साचले आणि त्यांचं पठार झालं. पुढे पश्चिम किनाऱ्याजवळ जमीन फाटली आणि पठाराची कड झिजत झिजत पूर्वेकडे सरकली. कोकणातून वर पाहताना दिसतो तो सह्याद्री म्हणजे ही कड. आपला बालाघाटही याच बेसॉल्टचा. म्हणूनच तुळजापूरकडचे डोंगरमाथे सपाट आहेत.

पण जमीन फाटली म्हणजे पलीकडे काहीतरी गेलं असणार, हा तुमचा तर्क योग्य आहे. दोन तुकडे गेले. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटला. कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबासारखे खडक त्या फाटण्याच्या वेळच्या ज्वालामुखीचे आहेत. नंतर, दख्खनचे लाव्हा वाहून गेल्यावर लगेच, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स वेगळा झाला. सेशेल्सच्या काही बेटांवर दख्खनच्या ज्वालामुखीच्या अखेरच्या काळातले अग्निजन्य खडक आहेत, आणि मुख्य बेटांचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे. तो राजस्थानातल्या मालानी खडकांच्या जोडीला बसतो. जोधपूरचा मेहरानगड ज्या कातळावर उभा आहे, तो मालानीचा.

मग सोलापूरच्या जमिनीखाली काय आहे?

भुईकोट किल्ल्याचे चिरे, विहिरी खणताना लागणारा काळा पाषाण, शेतातली काळी माती, सगळं त्या लाव्हाचंच. पण बेसॉल्ट हे आवरण आहे. पश्चिमेला ते दीड किलोमीटरहून जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत जातं. सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर किल्लारी. तिथे १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला, त्याखाली सुमारे आठ मीटर गाळाचे थर लागले, आणि त्यानंतर थेट अतिप्राचीन रूपांतरित खडक. हे खडक भूकवचात खूप खोलवर घडलेले आहेत. म्हणजे त्यांच्या डोक्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे खडक लाव्हा येण्याआधीच झिजून गेले होते. लाव्हा पसरला तो एका म्हाताऱ्या, घासून सपाट झालेल्या जमिनीवर.

ही जमीन धारवाड क्रेटन या प्राचीन भूखंडाची. त्यातले काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. आणि तिचाही तुटलेला तुकडा आहे: मादागास्करच्या ईशान्य टोकाचा अँटोंगिल भाग धारवाडचाच मानतात, कारण तिथेही ३०० कोटींच्या पुढचे आणि २५० कोटींच्या आसपासचे खडक तसेच शेजारी शेजारी आहेत.

आता घरातली शहाबादी फरशी पाहा. ती कलबुर्गीकडच्या भीमा खोऱ्यातला चुनखडक आहे. कठीण कवचाचे प्राणी पृथ्वीवर येण्याआधी उथळ समुद्रात तो थराथराने साचला. ती फरशी इतकी सरळ, एकसारख्या जाडीची निघते, याचं कारण हे थर बहुतेक ठिकाणी साचले तसेच आडवे राहिले. त्या काळानंतर आपल्या भागावर घडीचा पर्वत उभा राहिलेला नाही, याचा पुरावा रोज पायाखाली असतो.

भारतातल्या कोणत्या रांगा खरोखर दुसऱ्या खंडांशी जुळतात?

पूर्व घाट हे पहिलं नाव. ओडिशा-आंध्रातला पूर्व घाट नद्यांनी तोडलेला, तुटक-तुटक डोंगरांचा दिसतो. पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात आणि सह्याद्रीला दोन पानं. भूशास्त्रात हा हिशेब उलटा हवा. पूर्व घाटातले चार्नोकाइट आणि खोंडालाइट हे खडक १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वी पंचवीस-तीस किलोमीटर खोलीवर, काही ठिकाणी ९०० अंश सेल्सियसच्याही वर तापून घडले. कोणार्कचं सूर्यमंदिर बहुतांशी याच खोंडालाइटचं आहे. तो दगड म्हणजे उघड्यावर आलेलं पर्वताचं मूळ.

याच वयाची, याच खोलीवर घडलेली मुळं पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आहेत. ऑस्ट्रेलियाचं मॉसन संशोधन केंद्र ज्या कातळावर बांधलंय तो चार्नोकाइट आहे. भारत आणि अंटार्क्टिका सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी वेगळे होऊ लागले, तोपर्यंत हा सलग पट्टा होता. महानदीची खचदरी आणि अंटार्क्टिकातल्या लॅम्बर्ट हिमनदीखालची खचदरी या एकाच भेगेचे दोन भाग असाव्यात, असंही अनेक अभ्यासक मानतात. भारताचं ‘भारती’ केंद्र २०१२ पासून त्याच बाजूच्या लार्समन टेकड्यांवर आहे. भारतीय भूशास्त्रज्ञ तिथे जातात आणि ओडिशातल्या खडकांची भावंडं तपासतात, ही गोष्ट मला दर वेळी तितकीच रोमांचक वाटते.

दुसरा पट्टा तमिळनाडू-केरळचा. सुमारे ६५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी गोंडवन या दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडाचे पूर्व आणि पश्चिम भाग एकत्र येताना आफ्रिकेच्या पूर्व बाजूने एक प्रचंड पर्वतपट्टा उठला. त्याची मुळं आज मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर, दक्षिण भारत, श्रीलंका आणि अंटार्क्टिका अशी विखुरली आहेत. पालघाटच्या खिंडीजवळून जाणारा भूकवचातला जुना, चिरडलेला पट्टा मादागास्करमधल्या नेमक्या कोणत्या पट्ट्याशी जोडायचा यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पट्टा एकच होता, यावर वाद नाही.

सराफ ‘सिलोनी नीलम’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट. नीलम आणि माणिक ही दोन्ही रत्नं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं स्फटिकरूप ऑक्साइड. ती घडायला योग्य खडक आणि खोलवरचा दाब-उष्णता लागते, आणि सिलिका फार असून चालत नाही. वर सांगितलेल्या पर्वताच्या मुळांत ही परिस्थिती जागोजागी होती. म्हणून श्रीलंकेचा नीलम, मादागास्करचा नीलम, टांझानिया आणि मोझांबिकची रत्नं आणि तमिळनाडूत करूर-कांगेयम भागात मिळणारे खडे हे एकाच पट्ट्याचे आहेत. मादागास्करमध्ये इलाकाका इथे १९९८ मध्ये नीलम सापडले, तेव्हा एका खेड्याचं पाहता पाहता खाणगाव झालं. श्रीलंका, केरळ आणि मादागास्कर तिन्हीकडे चांगलं ग्रॅफाइट मिळतं, तेही याच नात्याने.

आठ हजार किलोमीटर लांबीचा पर्वत होता म्हणतात. अतिशयोक्ती आहे का?

नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या झियी झू, इयान कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे मांडलं. अतिशय खोल मुळांत वाढलेल्या झिर्कॉन स्फटिकांत ल्युटेशियम हे मूलद्रव्य कमी असतं. जगभरच्या गाळात असे कमी ल्युटेशियमचे झिर्कॉन दोनच काळांत भरपूर सापडतात: २०० ते १८० कोटी वर्षांपूर्वी आणि ६५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी. दुसरा काळ म्हणजे केरळ-मादागास्करच्या पट्ट्याचाच. हिमालय सुमारे २४०० किलोमीटर लांब आहे. हा पर्वत त्याच्या तिपटीहून मोठा. तो झिजताना फॉस्फरससारखी पोषकद्रव्यं समुद्रात गेली आणि प्राणिसृष्टीच्या झपाट्याच्या वाढीला हातभार लागला, असं या गटाचं म्हणणं आहे. लांबीबद्दलचा पुरावा भक्कम आहे, जीवसृष्टीशी जोडलेला दुवा हे अनुमान आहे. वाचताना दोन्ही वेगळं ठेवावं.

इतकी जुनी वयं मोजतात कशी?

मुख्यतः झिर्कॉनवरून. हा बारीक, चिवट स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेत नाही. युरेनियम-२३८ चं निम्मं शिसं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ चं निम्मं व्हायला ७०.४ कोटी. एकाच कणात दोन वेगळ्या वेगाची मोजमापं मिळतात, दोन्ही जुळली तर वय पक्कं. खडक पुन्हा तापला की जुन्या कणाभोवती नवा थर वाढतो, म्हणून एका झिर्कॉनमध्ये दोन पर्वतांची वयं सापडू शकतात.

लेमुरिया नावाचा खंड हिंदी महासागरात बुडाला, हे खरं का?

नाही. १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्कर आणि भारत यांमधलं प्राण्यांचं साम्य समजावण्यासाठी बुडालेल्या भूमीची कल्पना केली आणि तिला लेमुरिया म्हटलं. त्या काळी खंड हलतात हे माहीत नव्हतं, तेव्हा ती कल्पना वावगी नव्हती. पुढे तिच्यावर प्राचीन संस्कृतींच्या कथा चढल्या. खंडवहन समजल्यावर बुडालेल्या खंडाची गरज उरली नाही. भारत आणि मादागास्कर शेजारीच होते.

जे खरं आहे ते मात्र कथेहून कमी नाही. मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट एक कोटी वर्षांहूनही तरुण आहे. २०१७ मध्ये लुईस अश्वाल आणि सहकाऱ्यांना तिथल्या ज्वालामुखीय खडकात ३०० कोटी वर्षांपर्यंतचे झिर्कॉन सापडले. लाव्हा वर येताना खालून ते घेऊन आला होता. म्हणजे मॉरिशसखाली प्राचीन भूकवचाचा एक तुकडा दडलेला आहे, भारत-मादागास्कर दुभंगताना मध्ये ताणला जाऊन तुटलेला. त्याला मॉरिशिया म्हणतात.

किल्लारीचा भूकंप अशा जुन्या सांध्यामुळे झाला का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातली कोणतीही मोठी व्यक्ती विसरलेली नाही. सुमारे दहा हजार माणसं गेली. सोलापुरात लोक रस्त्यावर आले. म्हणून हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. भारतीय भूपट्ट दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो ताण पठारातही साठतो आणि प्राचीन पायातल्या एखाद्या कमकुवत पट्ट्यावर मोकळा होतो. किल्लारीत असंच झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बेसॉल्टच्या जाड आवरणामुळे असे पट्टे वरून दिसत नाहीत, म्हणूनच छिद्रं घ्यावी लागतात. ‘जुना पर्वत पुन्हा उठतोय’ असे संदेश फोनवर फिरतात, त्यांना आधार नाही.

सोलापूर पूर्वी दक्षिण गोलार्धात होतं?

हो. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रांगेत बसतात, त्यावरून अक्षांश काढता येतो. १९५६ मध्ये क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसॉल्टवर हे मोजमाप प्रसिद्ध केलं, आणि भारत दक्षिणेकडून आला याचा हा फार महत्त्वाचा सुरुवातीचा पुरावा ठरला. आपला काळा कातळ विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थिजला आणि हजारो किलोमीटर प्रवास करून इथे आला.

परीक्षेत ‘अरवली हा जगातला सर्वांत जुना पर्वत’ असं लिहावं का?

‘भारतातला सर्वांत जुना घडीचा पर्वत’ लिहावं. जगाच्या बाबतीत नको. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटन-मखोंजवा डोंगरांतले खडक ३६० ते ३२० कोटी वर्षांचे आहेत, अरवलीच्या घड्यांपेक्षा खूपच आधीचे.

हिमालयाचंही असंच दोन खंडांत विभाजन होईल?

होऊ शकतं. भारत आणि आशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे. पुढे कधी हा सांधा फाटला तर त्याची मुळं दोन किनाऱ्यांवर सापडतील. जुने सांधे कमकुवत असतात, पण फाटताना भेग नेमकी कुठून जाईल हे आज सांगता येत नाही. स्कॉटलंडचं उदाहरण वर आहेच.

सोलापूरहून एका दिवसात जुने खडक कुठे पाहता येतील?

होटगीहून गदगकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने जा आणि खिडकीशी बसा. विजयपूरपर्यंत सगळं काळं. गोलघुमटही गडद बेसॉल्टचा. कृष्णा ओलांडली की रंग बदलू लागतो. बागलकोटच्या परिसरात कलादगी गटाचे जुने थर कललेले आणि घड्या पडलेले दिसतात. सोलापूरकरांसाठी सर्वांत जवळच्या प्राचीन घड्या या. पुढे बदामीला उतरलात तर त्याच गटाचा वरचा लाल वालुकाश्म मात्र आडवाच आहे. खाली वाकलेले थर, वर सपाट थर: घड्या पडल्या, झीज झाली, मग पुन्हा वाळू साचली, एवढा इतिहास या दोन मुक्कामांत आहे. सहाव्या शतकात चालुक्यांनी लेणी कोरली ती या आडव्या वालुकाश्मात, आणि लेण्यांच्या भिंतींवर प्राचीन वाळूचे तिरपे थर स्पष्ट दिसतात.

मुक्कामाची तयारी असेल तर इरकलकडे वळा. लुगड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या आसपास गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. त्याहून पुढे हंपी, जिथे सुमारे २५० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. उन्हाळ्यात जाऊ नका, दगड तापतात. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम.

तिथून खडकाचे नमुने आणले तर चालतं का?

बदामी आणि हंपी संरक्षित स्मारकं आहेत, तिथला खडाही उचलायचा नाही. स्मारकांबाहेर, रस्त्याच्या कटाईत किंवा परवानगी घेऊन खाणीत पडलेला तुकडा घेता येतो. त्यावर लगेच ठिकाण, तारीख आणि थर कोणत्या दिशेला कलला होता ते लिहा. फोटो काढताना शेजारी पेन किंवा पट्टी ठेवा, म्हणजे घडी किती मोठी होती ते कळतं. कोणत्या ठिकाणचा हे लिहिलेलं नसेल, तर तुकडा कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला उपयोगी पडत नाही.